महागाई मोजणाऱ्यांनो, इंटर्नलाही मोजा: संयुक्त राष्ट्रांना खुले पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस,
आमसभेच्या पाचव्या (अर्थसंकल्प आणि प्रशासन पाहणाऱ्या) समितीतील सदस्य राष्ट्रांचे प्रतिनिधी,
आणि जिनिव्हा, न्यूयॉर्क व व्हिएन्ना या यजमान शहरांचे कारभारी यांस,

सप्रेम नमस्कार.

जिनिव्हात एक महिना काढायला किती पैसे लागतात, हे तुमच्याइतके नेमके क्वचितच कोणाला माहीत असेल. आमसभेने 1974 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोग स्थापन केला. हा आयोग न्यूयॉर्क पायाभूत धरून जगभरच्या शहरांतली महागाई मोजतो. घरभाडे, किराणा, प्रवास, विमा असे सगळे धरून तो प्रत्येक शहराचा एक निर्देशांक काढतो आणि त्या हिशेबाने तुमच्या अधिकाऱ्यांच्या मूळ पगारावर शहरभत्ता चढतो. कोणी चार दिवसांच्या बैठकीला आला तरी त्याचा दैनंदिन निर्वाह भत्ता याच आयोगाने शहरागणिक ठरवलेला असतो. या आकड्यांचे मोल तुमच्या कर्मचाऱ्यांनाही ठाऊक आहे. 2017 मध्ये आयोगाने जिनिव्हाच्या शहरभत्त्यात कपात ठरवली, तेव्हा कर्मचारी रस्त्यावर उतरले, कामबंद आंदोलन झाले. शेवटी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने 2019 मध्ये आपल्या कक्षेतल्या संस्थांपुरती ती कपात रद्द ठरवली. कर्मचाऱ्यांचे म्हणणे साधे होते: या शहरात राहायला जे लागते ते मोजायचे, तर नीट मोजा.

ते म्हणणे मला पूर्ण पटते. या पत्रात मी तेच म्हणणे आणखी एका माणसासाठी मांडते आहे. तो त्याच इमारतीत त्याच वेळी येतो, त्याच टेबलाशी बसून टिपणे काढतो, मसुदे तयार करतो, बैठकीचे इतिवृत्त लिहितो. तो इंटर्न आहे. सचिवालयाच्या इंटर्नशिपच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेले असते की इंटर्नला वेतन दिले जात नाही, आणि प्रवास, व्हिसा, राहणे, खाणे व वैद्यकीय विमा हा सगळा खर्च त्याने स्वतः किंवा त्याला पाठवणाऱ्या संस्थेने करायचा आहे. मुदत दोन ते सहा महिने आणि काम पूर्णवेळ. शहर तेच असते आणि महागाईही तीच, पण मोजणीत तो धरलेला नाही.

मी स्वतः जिनिव्हात इंटर्न म्हणून राहिले आहे. ती एक लहान स्वयंसेवी संस्था होती आणि तिथे मला थोडे मानधन मिळत असे. माझ्या आजूबाजूला मात्र बिनपगारी मुलामुलींचा मोठा गोतावळा होता. तेव्हापासून आजपर्यंत निवड झालेली मुले मला विचारत आली आहेत: ताई, एवढ्यात भागेल का? मी त्यांना जे सांगते, ते आज तुम्हालाही सांगायचे आहे. काटकसरीने राहायचे म्हणजे काय करावे लागते, हे ज्यांच्या हातात नियम आहेत त्यांनी तपशिलात ऐकले पाहिजे, असे मला वाटते.

सर्वांत आधी खोली, कारण उरलेले सगळे खोलीवर ठरते. जिनिव्हात घरे फार कमी रिकामी असतात. भाड्याने देण्याचा कारभार बहुतेक ठिकाणी एजन्सीच्या हाती असतो, तिला तिथे रेजी म्हणतात. रेजीला अर्जासोबत पगाराच्या पावत्या हव्या असतात, आणि तुमच्या नावावर थकबाकीची वसुली चालू नाही असा सरकारी दाखला हवा असतो. पगार नसलेल्या माणसाने पगाराची पावती कुठून आणायची? स्विस कायद्यानुसार घरमालक राहत्या घरासाठी तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागू शकतो. चार महिन्यांसाठी आलेल्या मुलीने तीन महिन्यांची अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे एकदम मोजून द्यायचे, ही रक्कम अनेक घरांची वर्षभराची बचत असते.

म्हणून जवळपास सगळेच इंटर्न पोटभाडेकरू होतात. मूळ भाडेकरू सुट्टीला किंवा दुसऱ्या गावी जातो आणि आपली खोली काही महिन्यांसाठी देतो. एका खोलीला हजार फ्रँकच्या आसपास पडतात, नशीब चांगले असले तर थोडे कमी. पोटभाड्याला मूळ घरमालकाची संमती लागते. ती आहे का, हे विचारायला मी प्रत्येकाला सांगते, कारण संमती नसेल तर मधेच बाहेर पडायची वेळ येऊ शकते आणि दाद मागायला हातात कागद नसतो. दुसरी सूचना याहून कडक असते: खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय, एक पैसाही पाठवायचा नाही. सुंदर फोटो, भाडे बाजारापेक्षा कमी, मालक ‘सध्या परदेशात’, चावी टपालाने येईल, आधी अनामत पाठवा: या जाळ्यात दर हंगामात नवी मुले सापडतात. त्यांच्यावर हसू नका. निवडीचे पत्र आणि रुजू होण्याची तारीख यांच्यात काही आठवडेच असतात. त्या काही आठवड्यांत व्हिसाही काढायचा असतो, आणि व्हिसाच्या अर्जात राहण्याचा पत्ता द्यावा लागतो. अशा घाईत सावध माणूसही घसरतो.

मग सरहद्द. जिनिव्हा तीन बाजूंनी फ्रान्सने वेढलेले आहे. डिसेंबर 2019 मध्ये लेमां एक्सप्रेस ही रेल्वे सुरू झाली, त्याच सुमारास 17 नंबरची ट्राम फ्रान्समधल्या ॲनमासपर्यंत गेली, आणि पलीकडे स्वस्तात राहून अलीकडे कामाला येणे सोपे झाले. पण कोणाला? युरोपीय संघाच्या नागरिकाला. आफ्रिकेतून, आशियातून, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या मुलाच्या हातात स्विस परवानगी असते. तिच्यावर फ्रान्समध्ये फिरून येता येते, पण तिथे घर करता येत नाही, त्यासाठी फ्रान्सचा वेगळा परवाना लागतो. म्हणजे स्वस्तातली वाट ज्याला तिची गरज थोडी कमी आहे त्याच्यासाठी उघडी, आणि ज्याला सर्वांत जास्त आहे त्याच्यासाठी बंद. हा नियम तुम्ही केलेला नाही, हे मला कळते. पण सगळ्या जगाला एकाच अटीवर बोलावताना ही अट सगळ्यांना सारखी पडत नाही, हे तुम्ही धरले पाहिजे.

खाण्याचे त्या मानाने जमते. घरी शिजवायचे आणि डबा न्यायचा. मिग्रो आणि कोप या मोठ्या दुकानांत सर्वांत स्वस्त मालाची वेगळी मालिका असते, त्याशिवाय डेनर, आल्डी, लिडल आहेत. रविवारी बहुतेक दुकाने बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी नाशवंत मालावर अर्ध्या किमतीची लेबले लागतात आणि अनुभवी इंटर्न त्याच वेळी खरेदीला जातात. पलीकडे फ्रान्समध्ये किराणा स्वस्त मिळतो, तिथून आणताना मांसाची मर्यादा माणशी एक किलो आहे आणि 1 जानेवारी 2025 पासून करमाफीची मर्यादा 300 वरून 150 फ्रँकवर आली आहे. प्लॅनपालेच्या मैदानात बुधवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो, तिथे भांडी, कोट, दिवा असे सगळे मिळते. नळाचे आणि रस्त्यावरच्या कारंज्यांचे पाणी पिण्याजोगे आहे. मुले हे सगळे पटकन शिकतात आणि एकमेकांना शिकवतात. मला त्याचा अभिमान वाटतो.

पण यातून वाचते किती? भाज्यांवर, डब्यावर, पायी चालण्यावर महिन्याला जे वाचते, त्यातून खोलीचे भाडे निघत नाही. काटकसर हा गुण आहे आणि तरुणपणी तो अंगी बाणणे चांगलेच. पण जिथे उत्पन्न शून्य आहे तिथे काटकसरीने फक्त साठवलेले पैसे जरा उशिरा संपतात. तुमच्याच शाश्वत विकास ध्येयांच्या मोजमापात परवडणारे घर म्हणजे उत्पन्नाच्या 30 टक्क्यांहून जास्त खर्च न लागणारे घर. हे मोजण्याचे काम नैरोबीतली तुमचीच संस्था, यूएन-हॅबिटॅट, करते. शून्य उत्पन्नाच्या माणसाला या मोजमापात जगातल्या कोणत्याही शहरातले कोणतेही घर परवडत नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट तपशिलात वेगळी आहे, पण तिचे मूळ तेच. तिथे अनामत एका महिन्याच्या भाड्यापुरती मर्यादित करणारा कायदा 2019 मध्ये झाला, ही चांगली गोष्ट. पण घरमालक सहसा भाडेकरूचे वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या 40 पट असावे अशी अट घालतात, आणि ते नसेल तर जामीनदार मागतात, ज्याचे उत्पन्न 80 पट असावे लागते. करारही बहुधा वर्षाचा असतो. त्यामुळे मुले क्वीन्समध्ये सनीसाइड, वुडसाइड, जॅक्सन हाइट्स अशा भागांत कोणाच्या तरी घरातली एक खोली शोधतात आणि 7 नंबरच्या भुयारी गाडीने ग्रँड सेंट्रलला उतरून ईस्ट नदीकडे चालत येतात. एकाच कार्डावर आठवड्यात 12 फेऱ्यांचे पैसे भरले की पुढच्या फेऱ्या फुकट, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगते. बाहेर दुसरे काम करून चार पैसे मिळवावेत, तर बहुतेकांच्या व्हिसावर त्याला परवानगी नसते, आणि पूर्णवेळ काम करून झाल्यावर वेळही उरत नाही.

व्हिएन्नाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवे. शहराने मनावर घेतले तर काय होते, हे तिथे दिसते. 1920 च्या दशकात तिथल्या पालिकेने कामगारांसाठी घरे बांधायला घेतली, 1927 ते 1930 या काळात कार्ल-मार्क्स-होफ ही मोठी कामगार वसाहत उभी राहिली, आणि आज शहरातली जवळपास निम्मी माणसे पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. त्याचा परिणाम खाजगी भाड्यांवरही होतो. म्हणून व्हिएन्नाला जाणाऱ्या मुलाला उत्तर देताना माझा आवाज थोडा मोकळा होतो. तिथेही वेतन नाहीच, पण निदान खोलीच्या भाड्याने साठवलेले पैसे तितक्या लवकर संपत नाहीत.

व्हिएन्नाचा आणखी एक दाखला मला मुद्दाम द्यायचा आहे. डॅन्यूबकाठचे व्हिएन्ना इंटरनॅशनल सेंटर 1979 मध्ये सुरू झाले, तेव्हा ऑस्ट्रियाने ती सगळी वास्तू संयुक्त राष्ट्रांना वर्षाला 1 शिलिंग भाड्याने दिली. आजच्या चलनात ते 7 युरो सेंट होतात. न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयाच्या जागेसाठी 1946 मध्ये जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी 85 लाख डॉलर दिले, आणि बांधकामासाठी अमेरिकेने साडेसहा कोटी डॉलरचे बिनव्याजी कर्ज दिले. जिनिव्हातली तुमची मुख्य वास्तू, पॅले दे नॅशन, ज्या आरियाना उद्यानात आहे, ती जमीन ग्युस्ताव्ह रेव्हिलिओ यांनी शहराला मृत्युपत्राने दिलेली. त्याच वास्तूच्या नूतनीकरणासाठी स्वित्झर्लंडने 40 कोटी फ्रँकचे बिनव्याजी कर्ज मंजूर केले. महागड्या शहरात पाय रोवायला कोणाचा तरी हात लागतो, हे संयुक्त राष्ट्रांना स्वतःच्या अनुभवावरून माहीत आहे. असा हात मिळणे यात कमीपणा काहीच नाही. तोच हात त्यांनी आपल्या दारात आलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना द्यावा, एवढेच माझे मागणे आहे.

यावर मिळणारी उत्तरे मी ऐकली आहेत. सर्वांत जास्त ऐकू येते ते हे की नियम परवानगी देत नाहीत, आणि ते बदलायचे तर आमसभेने बदलावे. 2015 च्या ऑगस्टमध्ये न्यूझीलंडचा 22 वर्षांचा इंटर्न जिनिव्हाच्या तळ्याकाठी तंबूत राहत असल्याची बातमी जगभर झाली, तेव्हाही हेच सांगितले गेले. या प्रश्नाकडे लक्ष वेधण्याचा हेतूही आपल्या तंबूत राहण्यामागे होता, हे त्याने पुढे मान्य केले. त्यावरून काहींनी सगळा प्रश्नच झटकून टाकला. मला ते न्याय्य वाटत नाही. त्याचा हेतू काहीही असो, बिनपगारी माणसाला त्या शहरात घर मिळत नाही हे खरेच होते आणि आजही आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि जिनिव्हातल्या इंटर्ननी ‘फेअर इंटर्नशिप इनिशिएटिव्ह’ ही मोहीम सुरू केली. 2018 मध्ये तुमच्याच संयुक्त तपासणी पथकाने संपूर्ण यंत्रणेतल्या इंटर्नशिपचा आढावा घेऊन अहवाल दिला. म्हणजे प्रश्न माहीत नाही, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही.

नियम बदलता येतात, हेही तुमच्याच कुटुंबातल्या संस्थांनी दाखवले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आपल्या इंटर्नना निर्वाहापुरते विद्यावेतन देते. युनिसेफही देते. जागतिक आरोग्य संघटनेत तर सदस्य राष्ट्रांनीच मे 2018 च्या जागतिक आरोग्य सभेत ठराव केला, 2020 पासून गरजू इंटर्नना विद्यावेतन सुरू झाले, आणि 2022 पर्यंत निम्मे तरी इंटर्न अल्पविकसित आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असावेत असे उद्दिष्टही ठरले. ही राष्ट्रे कोण आहेत? आमसभेत बसतात तीच. एकाच टेकडीवर, चालत जाण्याच्या अंतरावर, एका इमारतीतल्या इंटर्नला निर्वाहाचे पैसे मिळतात आणि दुसऱ्या इमारतीतल्या इंटर्नला मिळत नाहीत. त्या दोघी कधीकधी एकाच फ्लॅटमध्ये शेजारच्या खोल्यांत राहतात आणि एकाच बसने कामाला जातात. तुमच्या यंत्रणेबाहेर पाहायचे तर अमेरिकेच्या व्हाइट हाउसनेही 2022 च्या शरद ऋतूपासून आपल्या इंटर्नना वेतन सुरू केले. फ्रान्समध्ये दोन महिन्यांहून जास्त मुदतीच्या प्रशिक्षणार्थीला किमान मोबदला देणे कायद्याने बंधनकारक आहे.

दुसरे उत्तर असते अनुभवाचे: इथे जे शिकायला मिळते त्याचे मोल पैशांत होत नाही. खरे आहे, होत नाही. मी जिनिव्हात जे शिकले ते आजही माझ्या कामाला येते, म्हणूनच तर मी मुलांना जा म्हणते. पण ते मोल घरमालक स्वीकारत नाही. शिवाय अनुभव इतका मोलाचा असेल, तर तो कोणाला मिळतो हा प्रश्न आणखी मोठा होतो. ज्यांच्या घरी सहा महिन्यांचा परदेशातला खर्च निघू शकतो, त्यांनाच तो मिळाला, तर पुढच्या नोकऱ्यांच्या रांगेत तेच पुढे उभे राहणार. अर्ज हजारोंनी येतात, असे सांगितले जाते. येतात. पण निवड झाल्यावर खर्चाचा हिशेब मांडून किती जणांनी नकार कळवला, याचा आकडा जाहीर होत नाही. तो एकदा जाहीर करा. माझ्या ओळखीत अशी मुले आहेत, आणि कामाच्या कसोटीवर ती कोणाहून कमी नव्हती. एकीने तर नकाराचे पत्र लिहिताना कौटुंबिक कारण असे लिहिले, कारण पैसे नाहीत असे लिहायची तिला लाज वाटली. लाज वाटण्यासारखे तिने काहीच केले नव्हते.

तिसरे उत्तर पैशांचे, आणि त्याकडे मी गंभीरपणे पाहते. 2025 चा तुमचा नियमित अर्थसंकल्प 3.72 अब्ज डॉलरचा होता. मोठ्या देशांची वर्गणी वेळेवर येत नाही, यूएन80 या खर्चकपातीच्या मोहिमेखाली पदे कमी होत आहेत, वर्षानुवर्षे काम केलेली माणसे घरी जात आहेत. अशा वेळी इंटर्नसाठी पैसे मागणे अप्रस्तुत वाटेल. मला उलट वाटते. पदे कमी झाली की उरलेले काम कोणाच्या तरी टेबलावर येते, आणि सर्वांत स्वस्त टेबल इंटर्नचे असते. टंचाईच्या काळात बिनपगारी हातांवर भार टाकायचा मोह वाढतो, म्हणून नियम आत्ताच हवा.

जिनिव्हा शहराचे उदाहरण यात उपयोगी पडेल. मे 2020 मध्ये साथीच्या काळात वर्नेच्या आइस रिंकबाहेर सुमारे 20 फ्रँकच्या किराण्याच्या पिशवीसाठी एक किलोमीटरहून लांब रांग लागली होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकाने आपल्यातली गरिबी त्या रांगेत उघड्यावर पाहिली. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला तिथल्या मतदारांनी ताशी 23 फ्रँकचे किमान वेतन मंजूर केले, आणि महागाईच्या निर्देशांकाशी ते जोडले. आर्थिक ओढाताणीच्या वर्षातच हे झाले. प्रशिक्षणार्थींसाठी त्या कायद्यात अपवाद आहेत, आणि तुमच्या आवारात तो लागू होत नाही, हे मला माहीत आहे. पण या शहरात माणसाला जगायला साधारण किती लागते, याचे उत्तर तिथल्या लोकांनी मतपेटीतून दिलेले आहे.

आणि 10 डिसेंबर 1948 ला पॅरिसमध्ये आमसभेनेच स्वीकारलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे. त्याचे 23 वे कलम सांगते की काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःला आणि कुटुंबाला माणसाच्या प्रतिष्ठेला साजेसे जगता येईल असा न्याय्य मोबदला मिळण्याचा हक्क आहे. इंटर्न हा कर्मचारी नाही, असे तुमची नियमावली म्हणते. कलम मात्र कर्मचाऱ्याबद्दल बोलत नाही, काम करणाऱ्या प्रत्येकाबद्दल बोलते. देशोदेशीच्या सरकारांना तुम्ही हे कलम दाखवता, तेव्हा ते टिपण कित्येकदा एखाद्या इंटर्ननेच तयार केलेले असते.

आता मागण्या. काहींना पैसे लागतात, काहींना जवळजवळ लागत नाहीत, म्हणून दुसऱ्या प्रकारापासून सुरू करते.

जामीन द्या. घरमालकाला हवी असते ती खात्री, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शिक्क्याएवढी खात्री जिनिव्हात दुसरी कोणाची? फ्रान्समध्ये ‘व्हिजाल’ नावाची हमी योजना 18 ते 30 वयाच्या तरुणांच्या भाड्याला फुकट जामीन राहते, भाडेकरूने भाडे थकवले तर घरमालकाला पैसे देते आणि मग भाडेकरूकडून हप्त्यांनी वसूल करते. यजमान देशांबरोबर बसून अशी योजना इंटर्नसाठी आखता येईल. कितीशी मुले भाडे बुडवतील? ज्यांचे पुढचे सगळे करिअर तुमच्या शिफारशीवर अवलंबून आहे, ती तर नाहीच.

निवड लवकर कळवा. रुजू होण्याआधी तीन महिने मिळाले, तर व्हिसा, खोली आणि तिकीट तिन्ही स्वस्तात होतात आणि फसवणुकीची भीती निम्म्याने कमी होते. मुदतीचे महिनेही विद्यापीठांच्या सुट्ट्यांशी जुळवा, कारण त्या काळात विद्यार्थी वसतिगृहांतल्या खोल्या रिकाम्या होतात. जिनिव्हा, न्यूयॉर्क आणि व्हिएन्नाच्या प्रशासनांना माझी विनंती आहे की विद्यार्थी वसतिगृहांतल्या काही खोल्या दरवर्षी निर्वाहाचे साधन नसलेल्या इंटर्नसाठी राखून ठेवाव्यात. या शहरांच्या हॉटेलांना, दुकानांना, परिषदांना संयुक्त राष्ट्रांमुळे जे मिळते, त्यात या मुलांच्या श्रमाचाही वाटा आहे. जिनिव्हात हॉटेलात किंवा हॉस्टेलात उतरलेल्या पाहुण्याला मुक्कामाच्या काळात शहरातल्या बस-ट्रामचा फुकट पास मिळतो.  तो खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या प्रत्येक बिनपगारी इंटर्नलाही देता येईल.

विमा तुमच्या सामूहिक योजनेतून द्या. खर्च वाचवायला मुले सर्वांत स्वस्त विमा घेतात, आणि आजारी पडली की तो कशाकशाला लागू नाही ते त्यांना कळते. दात दुखत असताना मायदेशी परतायची वाट पाहणारी मुले मी पाहिली आहेत. या खर्चाचा आकडा तुमच्या अर्थसंकल्पात शोधावा लागेल इतका लहान असेल.

आणि विद्यावेतन. सगळ्यांना एकदम देणे आज शक्य नसेल, तर जागतिक आरोग्य संघटनेसारखे गरजेनुसार सुरू करा. गरज ठरवताना बँकेच्या पुस्तकांचे भारे मागवू नका, साधे स्वयंघोषणापत्र पुरेसे धरा. देणगीदार देशांनी निधी उभारला तर त्याचे स्वागत आहे, पण एखाद्या देशाच्या मर्जीवर ही सोय राहू नये, म्हणून नियमित अर्थसंकल्पात तिला जागा हवी. रक्कम किती असावी यावर नवी समिती नको, नवा अभ्यासही नको. आयोगाकडे प्रत्येक शहराचा आकडा तयार आहे.

पाचव्या समितीचे मुख्य सत्र दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असते. येत्या सत्रात एखाद्या सदस्य राष्ट्राने या विषयाचा मसुदा ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे. अल्पविकसित किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशाने पुढाकार घेतला तर जास्त चांगले, कारण पैशांअभावी तिथल्या मुलांनाच या संधीला मुकावे लागते. सरचिटणीसांनी त्या सत्राआधी दोन गोष्टी समितीपुढे ठेवाव्यात: गेल्या तीन वर्षांत निवड होऊनही किती जणांनी इंटर्नशिप नाकारली आणि ते कोणत्या देशांतले होते, आणि जिनिव्हा, न्यूयॉर्क, व्हिएन्ना, नैरोबी व बँकॉक या शहरांत एका खोलीचे भाडे, किराणा, बसभाडे आणि विमा मिळून आयोगाच्या हिशेबाने महिन्याला किती लागतात. दुसऱ्या आकड्यासाठी आयोगाला एक पत्र पुरेल. ते सत्राच्या आधी पाठवावे, ही विनंती.

कळावे,
आपली,
जिनिव्हात राहिलेली एक माजी इंटर्न